आझाद हिंद सरकारातील कोकणी सेनानी : जनरल जगन्नाथराव भोसले



आपल्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी मुंबईला मंत्रालयात खेटे घालावे लागले आहेत. कोणाचे बदलीचे काम असते, कोणाचे जमिनीचे, कोणाचे शाळेच्या अनुदानाचे. मंत्रालयाजवळ यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे मोठे सभागृह आहे आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याला जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग म्हणतात. पाटी वाचून आपण पुढे जातो, कारण फाईल कोणत्या मजल्यावर अडली आहे याची काळजी मोठी असते. हे जनरल कोणत्या सैन्याचे, असे कोणी विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील.

ऑगस्टच्या १५ तारखेला आपण पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन बरोबरच साजरा करतो. स्वातंत्र्याच्या बरोबर दोन वर्षे आधी, १९४५ साली, याच तारखेला जपानने शरणागती जाहीर केली आणि जगन्नाथराव ज्या सरकारात होते त्या सरकाराचा आधारच नाहीसा झाला. त्या सरकाराकडे स्वतःचे मंत्री होते, फौज होती, बँक होती, छापलेली टपाल तिकिटे होती; नव्हती ती फक्त जमीन. अशा सरकारात काम करणाऱ्या माणसाचे चरित्र या रविवारी आपल्यापुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. तिरोडे म्हणजे दक्षिण कोकणाचे अगदी टोक, गोव्याच्या सीमेलगत. त्या वेळी हिंदी माणसाला सैन्यात शिपाई होता येई, सुभेदार होता येई, पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीची राजाची सनद मिळणे फार अवघड होते. पहिल्या महायुद्धानंतर ते दार थोडेसे उघडले. १९२२ साली डेहराडूनला मुलांसाठी लष्करी विद्यालय निघाले. तेथे शिकून जगन्नाथराव इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात गेले आणि अधिकारी होऊन परत आले. कोकणातल्या खेड्यातला मुलगा सँडहर्स्टला जातो ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याला पोहोचले होते, आणि त्या हुद्द्याचे हिंदी अधिकारी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. इंग्रजांचा पूर्वेकडील सर्वांत भक्कम समजला जाणारा तळ जपान्यांच्या हाती गेला. दोन दिवसांनी फॅरर पार्क मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी युद्धकैद्यांना एकत्र केले गेले आणि इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या स्वाधीन केले. गोरे सैनिक वेगळ्या छावणीत गेले, हिंदी सैनिक इकडे. ज्या राजाच्या नावाने शपथ घेतली त्याच्या अधिकाऱ्याने आपल्याला गुरांच्या खांडासारखे दुसऱ्याच्या हवाली केले, ही भावना त्या दिवशी कितीतरी सैनिकांच्या मनात रुतली. कॅप्टन मोहनसिंग यांनी तेथेच हिंदी सैनिकांना स्वातंत्र्याच्या फौजेत येण्याचे आवाहन केले. आझाद हिंद सेनेचा आरंभ असा झाला.

येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्या शहरात लष्कराची मोठी वस्ती आहे. रणगाडा दलाच्या कसम परेडला आपल्यापैकी काहींचे नातेवाईक उभे राहिले असतील. सैनिकाची शपथ म्हणजे काय हे त्या कुटुंबांना आम्ही सांगायला नको. ती धर्मग्रंथावर किंवा परमेश्वराच्या नावाने घेतली जाते आणि एकदा घेतली की सोयीप्रमाणे सोडता येत नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमच्यापुढे हा विषय येई. संत थॉमस अक्विनस यांची शिकवण अशी की शपथ माणसाला बांधते, पण अन्यायाला बांधू शकत नाही. जे मुळात करणे गैर, ते शपथ घेतल्याने योग्य ठरत नाही. पुस्तकात हे सरळ दिसते. छावणीत, तारेच्या कुंपणाआड, भुकेल्या पोटी, समोर नवा विजेता संगीन घेऊन उभा असताना, परक्या राजाची शपथ अन्यायाची होती की आपण केवळ जिवाच्या भीतीने बाजू बदलतो आहोत, हे माणसाने कसे ठरवावे?

आणि हेही ध्यानात ठेवावे की त्या हजारोंपैकी पुष्कळांनी नकार दिला. त्यांना मजूर म्हणून न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर पाठवले गेले आणि तेथे उपासमारीने, रोगाने व छळाने कित्येक मेले. त्यांच्या नावाचे रस्ते नाहीत. त्यांना देशद्रोही म्हणणे आम्हाला पटत नाही, तसेच जे आझाद हिंद सेनेत गेले त्यांना शपथ मोडणारे म्हणून हिणवणेही पटत नाही. सदसद्विवेकाला दोन्हीकडे जागा होती. तिसराही एक वर्ग होता. निदान आपले जवान जपान्यांच्या तावडीत बेवारस पडू नयेत म्हणून तो फौजेत शिरला. माणसांच्या मनात हे तिन्ही हेतू एकमेकांत मिसळलेले असतात.

जगन्नाथराव फौजेत गेले. पहिल्या आझाद हिंद सेनेत साधारण सोळा हजार जवान होते आणि लढाईसाठी जी तुकडी उभी करण्यात आली तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. सेनेचे प्रमुख मोहनसिंग हे मूळचे कॅप्टन, म्हणजे जुन्या सैन्यात जगन्नाथरावांपेक्षा बरेच कनिष्ठ. ज्याने काल आपल्याला सॅल्यूट करायचा त्याला आज आपण करायचा! लष्करात ही गोष्ट किती जड जाते हे निवृत्त सैनिकांना विचारावे.

वर्षअखेरीला सगळे कोसळले. जपानी अधिकाऱ्यांना हिंदी फौज हाताखालचे बाहुले म्हणून हवी होती. मोहनसिंगांना बरोबरीचा मान आणि स्पष्ट लेखी वचन हवे होते. वचन मिळेना. १९४२ च्या डिसेंबरात जपान्यांनी मोहनसिंगांना अटक केली आणि त्यांनी आधीच देऊन ठेवलेल्या आदेशाप्रमाणे सेना विसर्जित झाली. जवान पुन्हा छावण्यांत बसले. काहींनी बिल्ले काढून टाकले.

आमच्या मते जगन्नाथरावांचे खरे काम येथे सुरू होते, आणि इतिहासाची पुस्तके ते एका ओळीत उरकतात. १९४३ च्या आरंभी रासबिहारी बोस यांच्या नेतृत्वाखाली सेनेची पुन्हा बांधणी झाली, तेव्हा लष्करी विभागाचे संचालक म्हणून जगन्नाथरावांना नेमण्यात आले. रासबिहारी थकलेले, आजारी. जपान्यांवरचा विश्वास उडालेला. काही अधिकारी सेना सोडून परत कैदी होण्यास तयार. अशा वेळी ते पाच-सहा महिने फौज एकत्र ठेवणे, तिची शिस्त, हजेरी, शिधा, कवायत चालू ठेवणे हे काम ना टाळ्यांचे, ना वर्तमानपत्राचे. ज्याने मोडलेले मंडळ किंवा बंद पडलेली पतपेढी नव्या माणसाच्या हाती देईपर्यंत सांभाळली आहे त्याला ते कळेल. २ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला उतरले तेव्हा त्यांना उभी फौज मिळाली, ती आपोआप उभी राहिलेली नव्हती.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे चित्रपटगृहात नेताजींनी आझाद हिंदच्या हंगामी सरकाराची घोषणा केली. नेताजी स्वतः राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, युद्ध व परराष्ट्रमंत्री झाले. कॅप्टन लक्ष्मी यांच्याकडे स्त्रियांचे खाते, अय्यर यांच्याकडे प्रसिद्धी, चटर्जी यांच्याकडे अर्थ. आणि सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी मंत्रिमंडळात बसले त्यांत आपले जगन्नाथराव होते. शाहनवाज खान, कियानी, गुलझारासिंग, लोगनाथन अशी ती नावे वाचली तर हिंदू, मुसलमान, शीख, उत्तरेचे, दक्षिणेचे सगळे एका पंगतीला दिसतात. सल्लागारांत मलायातील वकील जॉन अलॉयशियस थिवी यांचेही नाव आहे. पुढे जगन्नाथराव मेजर जनरल आणि सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मुख्य कचेरीचे प्रमुख झाले.

त्या वर्षांत परमुलखात बसलेली सरकारे पुष्कळ होती. हिटलरने देश गिळल्यावर पोलंड, नॉर्वे, हॉलंड, चेकोस्लोव्हाकिया यांची सरकारे लंडनला जाऊन राहिली. चेकोस्लोव्हाकियाच्या परागंदा सरकाराचे पंतप्रधान तर मोन्सिन्योर यान श्रामेक हे कॅथलिक धर्मगुरू होते! पोलंडचे निर्वासित आपल्या महाराष्ट्रातही आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध छावणीत राहिले, त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. मात्र लंडनची सरकारे आणि सिंगापूरचे सरकार यांत एक मोठा फरक होता. ती सरकारे घर गमावलेल्यांची होती. हे सरकार ज्यांना कधी घर दिलेच गेले नव्हते त्यांचे. आणि दुसरा फरक अधिक बोचणारा. आझाद हिंद सरकाराला मान्यता देणारी नऊ सरकारे होती, त्यांत जपान, जर्मनी आणि त्यांच्याच छत्राखालची राज्ये. पोलंडच्या लोकांना ज्यांनी बेघर केले तेच या सरकाराचे मित्र. ही गोष्ट झाकून चरित्र लिहिणे योग्य होणार नाही.

त्याची किंमत अंदमानात दिसली. १९४३ च्या डिसेंबरअखेर नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि त्या बेटांना शहीद व स्वराज ही नावे दिली. कागदावर ती आझाद हिंद सरकाराची पहिली भूमी. परंतु पोलीस, तुरुंग, बंदर सगळे जपानी आरमाराकडेच राहिले. ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या संशयावरून, जपान्यांनी तेथील चव्वेचाळीस हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारचे आयुक्त म्हणून लोगनाथन तेथे गेले. त्यांच्या हाती शिक्षण खात्यापलीकडे फारसे काही आले नाही. स्वतःच्या माणसाला वाचवू न शकणाऱ्या सरकारला सरकार म्हणावे काय, हा प्रश्न त्या मंत्रिमंडळातील प्रत्येकाच्या मानेवर होता. जगन्नाथरावही त्यातून सुटत नाहीत.

पण तेवढेच सांगितले तर तेही अपुरे होईल. मलाया व ब्रह्मदेशातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, ज्यांना कोणत्याच सरकाराने कधी माणसात गणले नव्हते, त्यांनी या सरकारासाठी पदरचे पैसे दिले, बायकांनी अंगावरचे दागिने दिले, त्यांच्या मुली झाशीची राणी पलटणीत बंदूक घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना प्रथमच कोणीतरी नागरिक म्हटले होते.

१९४४ च्या जानेवारीत सरकारचे ठाणे रंगूनला हलले. मार्चमध्ये जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेना इंफाळच्या दिशेने निघाली. आघाडीवर गेलेले जवान साधारण सहा हजार. विमाने नाहीत, तोफा नाहीत, वाहने जवळजवळ नाहीत आणि मागून शिधा येईना. पावसाळा लागला. गोळीने मेले त्याहून कितीतरी जास्त जवान भुकेने, हिवतापाने आणि हगवणीने गेले. रंगूनच्या कचेरीत बसलेल्या चीफ ऑफ स्टाफकडे मागण्या येत असतील आणि देण्यासारखे काही नसेल. सैन्य पोटावर चालते ही जुनी गोष्ट आहे. जपान्यांनी रसद दिली नाही हे खरे, पण दुसऱ्याच्या रसदीवर लढाईला निघणे हाच त्या मोहिमेतला मूळ दोष होता असे आमचे मत आहे.

पुढचे सारे माघारीचे दिवस. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडावे लागले, सरकार पायी व ट्रकने बँकॉककडे निघाले. ऑगस्टमध्ये जपान हरला. १७ ऑगस्टला नेताजी बँकॉकहून आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले. जगन्नाथराव मागे आपल्या माणसांजवळ राहिले. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला काय येते? जवानांना शस्त्रे खाली ठेवायला सांगणे, याद्या करणे, आणि मग अटक.

आता आपल्या गावाकडे वळू. जगन्नाथराव सिंगापुरात फौज सांभाळत होते त्याच काळात, ऑगस्ट १९४२ पासून, आपल्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा पुढारी कैदेत होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव ही मंडळी त्यांत होती. नेहरूंनी १९४४ साली आपला भारतशोधाचा ग्रंथ तेथेच लिहिला. जपानच्या मदतीने स्वातंत्र्य आणण्याला नेहरूंचा उघड विरोध होता. तसा कोणी आला तर त्याला आपण अडवू, असे त्यांनी कैदेपूर्वी जाहीर केले होते. म्हणजे एका बाजूला आमच्या किल्ल्यातले कैदी आणि दुसऱ्या बाजूला सिंगापूरचे मंत्री. ध्येय एक, वाट उलट.

१९४५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध केल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा तेच नेहरू कित्येक वर्षांनी वकिलाचा झगा घालून बचावासाठी हजर झाले. मुख्य युक्तिवाद भुलाभाई देसाई यांचा. त्यांनी मांडले की आझाद हिंद हे रीतसर मान्यता मिळालेले सरकार होते, त्याने रीतसर युद्ध पुकारले होते, म्हणून त्याचे सैनिक हे बंडखोर नव्हेत, एका राष्ट्राचे लढवय्ये होत. न्यायालयाने जन्मठेप दिली, पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापतींनी ती शिक्षा माफ केली, कारण देश पेटला होता. त्याच लाटेत इतरही हळूहळू सुटले. जगन्नाथरावही सुटले.

स्वतंत्र भारताने आझाद हिंद सेनेच्या माणसांना सैन्यात मात्र परत घेतले नाही. नव्या सरकाराला शिस्तीची धास्ती होती. एकदा शपथ बाजूला ठेवणाऱ्याला पुन्हा पलटणीत घेतले तर इतर काय शिकतील, असा विचार. त्यातली लष्करी बाजू आम्हाला समजते, पण ज्यांनी इंफाळच्या वाटेवर झाडपाला खाऊन दिवस काढले त्यांना ते कसे लागले असेल तेही समजते. चाळिशीतल्या मेजर जनरलला गणवेश उरला नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जगन्नाथराव काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पूर्वी ज्यांची वाट नेहरूंना अमान्य होती तेच आता त्यांच्या सहकाऱ्यांत. दोघांनाही याबद्दल श्रेय द्यावे लागेल.

फाळणीने भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या १९५१ च्या जनगणनेत सत्तर लाखांहून अधिक भरली. कोल्हापूरजवळच्या ज्या वळिवडे छावणीतून पोलिश कुटुंबे गेली तिच्यात सिंधी कुटुंबे येऊन राहिली आणि तिचे गांधीनगर झाले. आपल्या जिल्ह्यातील बाजारपेठांतही त्या पिढीतील सिंधी कुटुंबांनी दुकाने थाटली. पुनर्वसन म्हणजे घरे, कर्जे, जमिनीचे दावे, असेच सगळे समजत. जगन्नाथरावांचे लक्ष मात्र मुलांकडे गेले. दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये कस्तुरबा निकेतन नावाचे निर्वासित स्त्रिया व मुलांचे वसतिस्थान होते. आईबापांनी डोळ्यांदेखत सर्व गमावलेले, शाळेत मन लागेना, शिक्षकांचे कोणी ऐकेना. १९५४ साली तेथे त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीते, देशाच्या इतिहासातील गोष्टी, रांगेत उभे राहणे, आणि मोठ्या मुलांनीच लहान मुलांचे नेतृत्व करणे, इतका साधा तो अभ्यासक्रम. हातात बंदूक नाही, पुढे शत्रू नाही. मुले सुधारलेली दिसली तशी इतर निर्वासित शाळांनी योजना मागितली, मग साध्या शाळांनीही. ती देशभर पसरली, शिक्षण मंत्रालयाने ती हाती घेतली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राजस्थानात सरिस्का येथे केंद्र उभे राहिले.

आम्ही या चरित्रात रेंगाळतो ते या ठिकाणी. सिंगापूरला ज्या सरकारात ते मंत्री होते त्याला नऊ राष्ट्रांची मान्यता होती आणि भूमी नव्हती. दिल्लीत त्यांच्याकडे उपमंत्र्याची खुर्ची होती, आणि समोर भूमी गमावलेली मुले. रांगेत कसे उभे राहायचे हे शिकवण्याचे काम त्यांनी १९४३ साली हरलेल्या, दोनदा कैदी झालेल्या जवानांसाठी केले होते. तेच पुन्हा केले. मोठ्या पदावरून उतरलेल्या कितीतरी लोकांना लहान काम हाती घेता येत नाही. धर्मगुरूंनाही येत नाही, हे येथे कबूल करायला हरकत नाही!

शिस्तीच्या नावाने मुलांना सैनिकी वळण लावावे काय, यावर त्या वेळीही वाद होता. शाळांत एकीकडे शारीरिक शिक्षण, दुसरीकडे छात्रसेना, तिसरीकडे ही योजना, म्हणजे एकाच मैदानावर तीन शिट्ट्या. सरकारने १९५९ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने हे सर्व एकत्र करण्याची शिफारस केली.

जगन्नाथराव तोपर्यंत फार दिवसांचे सोबती राहिले नव्हते. १९६३ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. साठीही त्यांनी गाठली नाही. १९६५ मध्ये त्यांची योजना राष्ट्रीय स्वास्थ्य दलात विलीन झाली आणि तिचे वेगळे नाव पुसले गेले. सावंतवाडीला त्यांच्या नावाचे उद्यान आहे. सुट्टीत गोव्याला जाताना आपल्या युवकांची गाडी त्या गावावरून जाते, तेव्हा उतरून ते पाहून यावे.